बोलक्या भिंतींना बोलतं करताना

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावडे मागे पडतं आणि मग वैशाखरे येतं. तिथून पुढे रस्ता सोडून पायवाटेनं डोंगर चढू लागलो, की ती वाट नाणेघाटाची. कोकणातून जुन्नरकडे जाणारी ही सातवाहनकालीन व्यापारी वाट आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तुडवलेली असेल. घाटमाथा जवळ आला की कातळात कोरलेलं एक लेणं लागतं. तिथे दम खायला सगळेच टेकतात. आतल्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. राणी नागनिकेच्या नावानं तो ओळखला जातो. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं यांची जंत्री त्यात आहे आणि त्या जंत्रीतले आकडे हा आपल्याकडच्या अंकलेखनाचा फार जुना पुरावा मानला जातो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं आणि पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी तो वाचून अर्थ लावला.

पण आज मला बोलायचं आहे ते मागच्या भिंतीविषयी. तिथे सातवाहन घराण्यातल्या आठ व्यक्तींच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. होत्या असं म्हणायचं, कारण आता त्या नाहीत. मूर्ती गेल्या, मात्र प्रत्येकीच्या डोक्यावर कोरलेली नावं बऱ्याच अंशी राहिली. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मधलं एक नाव गेलं. म्हणजे चित्र नाहीसं झालं आणि चित्राखालची, इथे चित्रावरची म्हणू या, ओळ दोन हजार वर्षं टिकली. त्या ओळी नसत्या तर मागची भिंत म्हणजे नुसता खडबडीत कातळ ठरला असता.

त्या ओळींचा क्रमही महत्त्वाचा ठरला आहे. सिमुकानंतर लगेच नागनिका आणि सातकर्णी येतात, मधे कृष्ण राजाचं नाव नाही. एवढ्याशा गोष्टीवरून सातकर्णी नेमका कोणाचा मुलगा, यावर इतिहासकारांनी वंशावळी मांडल्या आणि मोडल्या. नावं कोणीतरी वर्णक्रमानं लावून ठेवली असती तर हा वाद घालायला जागाच उरली नसती. आणि त्या ओळींची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कोण उभं होतं ते कळतं. कसं उभं होतं ते कळत नाही. राणीच्या अंगावर दागिने कोणते होते, महारठीच्या हातात काय होतं, कुमार वयानं लहान दिसत होते की मोठे, यातलं काहीच नावावरून समजत नाही. नाव देणं आणि वर्णन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या भिंतीइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

हे लेणं मी का काढलं ते सांगतो. संगणकावर आणि फोनवर शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांचे धडे तयार करणं हे माझं काम. त्यात एक प्रकार हटकून लागतो. पडद्यावर एक चित्र असतं, हृदयाची आकृती म्हणा, किल्ल्याचा नकाशा म्हणा. त्यातल्या एखाद्या भागावर बोट ठेवलं किंवा क्लिक केलं, की त्या भागाची माहिती उघडते. मुलांना हा प्रकार फार आवडतो आणि शिक्षकांना त्याहून जास्त. पण ज्याला चित्रच दिसत नाही, त्यानं बोट ठेवायचं कुठे? या एका प्रश्नाचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे. हा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे आणि थोडा उलटाही आहे.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या रंगवलेल्या भिंतींना 'बोलक्या भिंती' म्हणतात. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या पाड्यापाड्यावरच्या शाळांत त्या आपण पाहिल्या असतील. व्हरांड्यात महाराष्ट्राचा नकाशा, खिडकीच्या बाजूला सूर्यमाला, दाराशी पाण्याचं चक्र, खांबांवर पाढे. गुरुजी हातात छडी घेतात, नकाशावर एका ठिकाणी टेकवतात आणि विचारतात, "हा कोणता जिल्हा?" चित्रावरच्या एका जागी बोट ठेवणं आणि त्या जागेची माहिती मिळणं ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची. फरक इतकाच, की इथे भिंत बोलत नसे, गुरुजी बोलत. आणि गुरुजी बोलत म्हणूनच वर्गातल्या न दिसणाऱ्या मुलाच्याही पदरात काहीतरी पडे. 'हा कोणता जिल्हा' यातलं 'हा' मात्र त्याच्यासाठी कायम रिकामं राही.

अंध मुलांच्या शाळांनी यावर आपापले उपाय शोधले होते. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलर्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची अंध शाळा म्हणून पुढे ती नावारूपाला आली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी सामाईक भारती ब्रेल ठरली आणि मराठी पुस्तक बोटांनी वाचण्याची वाट मोकळी झाली. पण ब्रेल ही अक्षरांची सोय. नकाशाचं काय? तिथे अशा शाळांमधले शिक्षक हातानं काम करत आले. सीमेवर जाड दोरा चिकटवायचा, नदीसाठी बारीक दोरा, डोंगराला वाळूचा कागद, शहराच्या जागी एखादा मणी. मुलाचं बोट मण्यावर पोचलं की शेजारी बसलेले बाई म्हणणार, "हे नाशिक." बोट टेकलं, आवाज आला. चित्र आणि माहिती यांची गाठ इथे डोळ्यांवाचून पडली होती.

याच कल्पनेला १९८८ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉन पार्क्स या भूगोलाच्या प्राध्यापकांनी यंत्राची जोड दिली. त्यांच्या उपकरणाचं नाव 'नोमॅड'. बोटाचा दाब ओळखणारी एक पाटी, तिच्यावर उठावदार रेषांचा नकाशा ठेवायचा आणि बोटानं एखादी जागा दाबली की संगणक त्या जागेविषयी बोलणार. वर्ष पुन्हा सांगतो, १९८८. वेबवर चित्रांची चलती सुरू व्हायला तेव्हा पाच वर्षांचा अवकाश होता. म्हणजे बोट ठेवताच बोलणारं हे चित्र तयार झालं तेच मुळी अंध माणसांसाठी. डोळस मंडळींच्या पडद्यावर ते पुढे आलं आणि आलं ते मुकं होऊन. उलटा इतिहास म्हणालो तो हाच.

१९९३ साली 'मोझॅक' हा ब्राउझर आला आणि वेबच्या पानावर मजकुराच्या मधोमध चित्रं दिसू लागली. लगोलग चित्राच्या वेगवेगळ्या भागांवर क्लिक करण्याची सोय झाली. ती सोय चाले कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. आपण नकाशावर पुण्यापाशी क्लिक केलं, की ब्राउझर दूरच्या संगणकाला फक्त दोन आकडे कळवी, डावीकडून किती अंतर आणि वरून किती. त्या आकड्यांच्या जागी पुणं आहे की सातारा, हे गुपित त्या दूरच्या संगणकाच्या पोटात. पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती काहीच लागत नसे. ते बिचारं एवढंच म्हणणार, 'चित्र'. दुरुस्ती १९९६-९७च्या सुमारास झाली. जेम्स साइडमन यांनी मांडलेली नवी रीत जानेवारी १९९७मध्ये वेबच्या पानांच्या अधिकृत भाषेत घेतली गेली. आता चित्राच्या सगळ्या भागांची यादी पानातच लिहायची आणि प्रत्येक भागापुढे त्याचं नाव शब्दांत लिहायला जागा ठेवायची. पडद्यावर न दिसणारी, पण कानांना ऐकू येणारी ही ओळ. नाणेघाटातल्या मूर्तींच्या डोक्यावरच्या ओळीसारखीच!

जागा झाली म्हणून ती भरली जातेच असं नाही. सरकारी अर्जातला 'शेरा' हा रकाना आठवा. १९९९ साली ब्रूस मॅग्वायर या जन्मतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकानं तक्रार केली, की पुढच्या वर्षी होणाऱ्या सिडनी ऑलिम्पिकचं संकेतस्थळ त्याला वापरता येत नाही. चित्रांना आणि चित्रांमधल्या दुव्यांना शब्दांत नावं दिलेली नाहीत, खेळांच्या यादीपर्यंत पोचता येत नाही, निकालांचे तक्ते कळत नाहीत. संयोजकांनी खर्चाचा आणि वेळेचा मोठा हिशोब पुढे केला. मानवी हक्क आयोगाला तो पटला नाही. ऑगस्ट २०००मध्ये निकाल मॅग्वायरच्या बाजूनं लागला आणि पुढे वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाईही ठरली. ऑलिम्पिकमध्ये कोण किती वेगानं धावलं हे लोक विसरले असतील. चित्राखाली दोन शब्द न लिहिल्याबद्दल इतकी मोठी संस्था दोषी ठरली, ही गोष्ट मात्र आमच्या क्षेत्रात आजही सांगितली जाते.

आता आपल्या मराठीकडे येतो. आपलं दुखणं आणखी एक पायरी खालचं होतं. इंग्रजीत निदान मजकूर हा मजकूर होता. मराठीत तोही नव्हता. आपल्याला कृतिदेव, शिवाजी वगैरे फाँट आठवत असतील. त्यात पडद्यावर 'शाळा' दिसे. पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक कळत नसे. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र 'शाळा' शब्दाऐवजी अर्थहीन अक्षरं उच्चारावी लागत. म्हणजे सबंध मराठी पान हेच एक चित्र होतं आणि त्याला ओळ नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळालं होतं. घराघरातल्या संगणकावर ते पोचायला विंडोज २००० यावं लागलं. त्यासोबत आलेला 'मंगल' हा फाँट मुंबईच्या र. कृ. जोशी यांचा. लोक त्याच्या दिसण्याला नावं ठेवतात. ठेवोत. माझ्या दृष्टीनं त्या फाँटामुळे मराठी अक्षर संगणकाला पहिल्यांदा अक्षर म्हणून कळलं आणि म्हणून ते ऐकताही येऊ लागलं. २००६ साली 'एनव्हीडीए' हे फुकट मिळणारं, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं. आज साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो आणि मराठी आवाजही मिळतो. साधनं घरात आली आहेत. खोळंबा आहे तो ओळीचा.

खेड्यापाड्यांत क्लिक हा शब्द आधी पोचला तो एमएससीआयटीच्या वर्गांतून. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि तालुक्याच्या ठिकाणी बाजारपेठेत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर संगणकाचे वर्ग दिसू लागले. मुरबाडही त्याला अपवाद नव्हतं. शाळेतल्या मुलांपर्यंत हे पोचायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं पडद्यावर स्पर्श करून शिकण्याची सोय केली, तेव्हा ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. पाठोपाठ २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला; पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते कोड आले. सप्टेंबर २०१७मध्ये 'दीक्षा' सुरू झालं. आणि २०२०मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हे सगळं एकदम मुलांच्या हातातल्या फोनवर येऊन आदळलं.

या सगळ्या प्रवासाचं मला मनापासून कौतुक आहे. एकेका शिक्षकानं पदरमोड करून हे उभं केलं. पण भिंतीवरचं चित्र फोनवर आलं तेव्हा शेजारी उभे राहणारे गुरुजी आले नाहीत. बोलकी भिंत फोनमध्ये आली आणि मुकी झाली. एका अभ्यासक्रमातला नकाशाचा धडा मी टॉकबॅक लावून ऐकला होता. फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण. इथे क्लिक करा. बटण." पाच जागा, चार बटणं आणि एक 'इथे'. ते 'इथे' म्हणजे कुठे, हे मी डोळे उघडे ठेवून पाहिलं तेव्हा कळलं.

मग काम नेमकं कसं करायचं? एक उदाहरण घेऊ, आपल्याच भागातलं. विषय आहे मुंबईचं पाणी. नकाशात सात जलाशय आहेत. विहार आणि तुळशी मुंबईतच. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात. वैतरणा नदीवर तीन, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर. तिथून मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिन्या. जलाशयावर बोट ठेवलं की त्याची माहिती उघडावी.

पहिला प्रश्न क्रमाचा. डोळस मूल नकाशावर हवं तिथे बोट ठेवतं. ऐकणारं मूल एकापाठोपाठ एक पुढे जातं. की-बोर्डवर टॅब दाबत किंवा फोनवर बोट उजवीकडे सरकवत. त्याला सात नावं कोणत्या क्रमानं ऐकवायची? वर्णक्रमानं लावली तर ऊर्ध्व वैतरणा पहिलं, विहार शेवटचं आणि नदीचा प्रवाह तुटला. कालक्रमानं लावली तर विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७ आणि शेवटी मध्य वैतरणा २०१४. मुंबईची तहान कशी वाढत गेली आणि हात कसा लांब लांब पोचत गेला, ते या क्रमात ऐकू येतं. नदीच्या क्रमानं लावली तर ऊर्ध्व, मध्य, मोडकसागर, म्हणजे एकच पाणी तीनदा कसं अडवलं जातं ते कळतं. धडा इतिहासाचा असेल तर पहिला क्रम, भूगोलाचा असेल तर दुसरा. हा निर्णय संगणक घेत नाही, शिकवणाऱ्यानं घ्यायचा. पाहणाऱ्याला चित्र क्रम देत नाही, ऐकणाऱ्याला तो द्यावाच लागतो. आणि क्रम ठरवायला बसलो की आपल्याला नेमकं काय शिकवायचं आहे ते आपल्यालाच स्वच्छ होतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न नावाचा आणि वर्णनाचा, नाणेघाटातलाच. प्रत्येक जागेला नाव हवं, 'भातसा धरण', 'तानसा तलाव'. 'बटण ३' नव्हे आणि 'निळा ठिपका' तर नव्हेच. पण सात नावं ऐकून नकाशा कळत नाही. म्हणून सबंध चित्राचं एक वर्णन वेगळं लिहायचं, चार-पाच वाक्यांचं. मुंबई नैर्ऋत्येला, धरणं ईशान्येला सह्याद्रीच्या पायथ्याकडे. पाणी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे उतरत येतं. सात जलाशयांच्या एकूण साठ्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातशात आहे. नकाशात भातशाचा निळा डाग मोठा दिसतो, ते एका नजरेत समजतं. ती नजर शब्दांत उतरवायची.

इथेच खरी कसोटी लागते. समजा, याच नकाशावर आपण उन्हाळ्यात टँकरनं पाणी पुरवावं लागणारी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली गावं लाल ठिपक्यांनी दाखवली. डोळस मुलाला एका क्षणात दिसतं, की लाल ठिपके निळ्या डागांच्या आसपासच आहेत. नकाशाचं म्हणणंच ते आहे. आता वर्णनात कोणी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नकाशात निळे आणि लाल ठिपके आहेत', तर एकही शब्द खोटा नाही आणि सगळं म्हणणं मात्र हरवलं. लिहायचं ते असं: 'ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जातं, त्याच तालुक्यातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.' चित्र काय दाखवतं हे लिहायचं असतं. चित्रात काय काय आहे याची मोजदाद नव्हे. नुसत्या रंगानं काही सांगायचं नाही हा नियमही इथूनच येतो. लाल आणि हिरवा वेगळा न ओळखणारी मुलं प्रत्येक मोठ्या वर्गात एखाददुसरी निघतातच. त्यांच्यासाठी टँकरच्या गावाला गोल आणि जलाशयाला चौकोन केला तरी पुष्कळ.

बाकीच्या गोष्टी कारागिरीच्या आहेत, त्या भरभर सांगतो. माऊसशिवाय, नुसत्या की-बोर्डवर सगळ्या जागांपर्यंत पोचता आलं पाहिजे. एंटर दाबला की माहिती उघडावी, एस्केप दाबला की मिटावी, आणि मिटल्यावर वाचणारा पुन्हा त्याच धरणापाशी असावा. नाहीतर प्रत्येक वेळी पानाच्या सुरुवातीला फेकला जातो आणि चौथ्या वेळी फोन ठेवून देतो. माऊस नुसता वर नेल्यावर उघडणारी माहिती फोनवर उघडतच नाही, कारण फोनला माऊसच नाही. बोट ठेवायची जागा अगदी बारीक नको; शेतात काम केलेल्या हाताचं बोट ऑफिसातल्या बोटापेक्षा जाड असतं आणि आमच्या आराखडे काढणाऱ्या तरुणांना हे ध्यानात आणून द्यावं लागतं. पानाची भाषा मराठी आहे असं आत नोंदवावं लागतं. नाहीतर वाचणारा आवाज मराठी मजकूर इंग्रजी उच्चारांनी वाचू पाहतो आणि काही वेळा गप्पच बसतो. आणि चित्राच्या शेजारी किंवा खाली तीच माहिती साध्या यादीच्या रूपात द्यावी. ही यादी कोणासाठी असं विचाराल तर फक्त अंधांसाठी नाही. डोळखांब-किन्हवलीच्या पलीकडे, टोकावड्याच्या वर, डोंगराच्या आड नेटवर्क जिथे येऊन-जाऊन असतं, तिथे मजकूर आधी येतो आणि चित्र गोल गोल फिरत राहतं. त्या घरातली डोळस मुलगीही त्या क्षणी ओळीवरच अवलंबून असते.

दहावीच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत नकाशा भरण्याच्या प्रश्नाला दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळा पर्यायी प्रश्न दिलेला असतो. ही सोय योग्यच आहे. त्यामुळे कित्येकांचे गुण वाचले. तरी मला ती नेहमी थोडी टोचते. परीक्षेत नकाशाला पर्याय देता येतो, शिकण्यात नको द्यायला. नकाशा अवघड म्हणून वगळायचा, मग आकृत्या वगळायच्या, मग आलेख, असं करत करत एखाद्या मुलाचा विज्ञानाचा रस्ताच बंद होतो आणि तो कोणी बंद केला याची कुठेच नोंद नसते.

कायदा आता बाजूनं आहे. अंधांसाठी पुस्तकं सुलभ रूपात करता यावीत म्हणून २०१३ साली माराकेशला करार झाला, त्याला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. २०१६चा दिव्यांगजन अधिकार कायदा आहे. दिव्यांग मुलांसाठी ई-साहित्य कसं असावं, याची मार्गदर्शक पुस्तिका केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं २०२१मध्ये काढली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सोयींपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. हे सगळं मोलाचं आहे. पण भातसा धरणाच्या बटणाला 'भातसा धरण' हे नाव न्यायालय देणार नाही. ते धडा करणाऱ्याला, रात्री अकरा वाजता, उद्याचा धडा आज संपवायचा असताना द्यायचं आहे. त्याला फार तर दोन मिनिटं लागतात. सबंध चित्राचं वर्णन लिहायला मात्र अर्धा तास लागतो आणि अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात त्या अर्ध्या तासाचं कलम सहसा नसतं. चित्रकाराला मानधन असतं, आवाज देणाऱ्याला असतं. वर्णन लिहिणाराही कामावर धरावा आणि त्याचं नाव चित्रकाराच्या शेजारी छापावं, असं मी जिथे जातो तिथे सांगतो. रेडिओला हे पटवावं लागत नाही. क्रिकेटचं मैदान, पंढरीची वारी, प्रजासत्ताक दिनाचं संचलन न पाहता आपण पाहिलं, ते बोलणाऱ्यांच्या भरवशावरच. समालोचकाला कोणी फुकटात बोलायला लावलं नव्हतं.

पाण्याच्या नकाशाचा धडा तयार झाल्यावर तो मी शहापूर तालुक्यातल्या एका दृष्टिहीन महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती दिला. त्यानं तो फोनवर, कानाला लावून, माझ्या दुप्पट वेगानं ऐकला. नदीच्या क्रमानं धरणं पार केली, परत वर गेला, तानशापाशी थांबला. तानशापासून मुंबईकडे जाणारी ओळ त्यानं दोनदा ऐकली. मग म्हणाला, "सर, धरण आलं, मग एकदम मुंबई आली. मधली गावं कुठेत? पाइपलाइन तर आमच्या गावाच्या कडेनं जाते. उन्हाळ्यात आम्ही तिच्या सावलीला बसतो."

आधी तोच नकाशा कित्येक डोळस मुलांनी आणि शिक्षकांनी पाहिला होता. रेघ सरळ आणि निळी होती, पूर्ण दिसत होती, त्यामुळे तिच्या कडेला काय आहे हे विचारावंसं कोणाला वाटलं नव्हतं. आता त्या नकाशात जलवाहिनीच्या कडेच्या गावांचा एक थर वाढवायचा आहे. गावांची नावं कोणत्या क्रमानं ऐकवायची ते ठरलं आहे, तानशापासून खाली. त्यांच्यासमोर कोणत्या गावाला पाणी कुठून मिळतं ती ओळ लिहायची आहे, आणि ती माहिती गोळा करायला तो विद्यार्थी आणि त्याचे दोन मित्र सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरत आहेत.